उत्तर कुठल्या थरानं दिलं? व्हर्च्युअल मशीनमध्ये स्टोरेजचा वेग मोजताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात मी एक तक्ता दिला होता. लॅबमधल्या एका सर्व्हरवर केव्हीएम वापरून आठ व्हर्च्युअल मशीन चालवली होती. प्रत्येकात फायो नावाचं टेस्टिंग टूल डिस्कवर कुठूनही, कुठल्याही क्रमानं 4 केबीचे तुकडे वाचत होतं. होस्टवर येणाऱ्या मागण्यांचा क्रम बदलणारी एक नवी पद्धत मी लिहिली होती. तक्त्याप्रमाणे त्या पद्धतीमुळे आयओपीएस, म्हणजे सेकंदाला पूर्ण होणाऱ्या वाचन-लेखनाच्या मागण्या, जवळजवळ दुप्पट होत होत्या. आठही मशीन मिळून चाळीस हजारांच्या वर! कमिटीनं मान डोलावली. मी पेपरचा मसुदा लिहायला घेतला.

मसुदा वाचून सरांनी एकच प्रश्न विचारला, "ही डिस्क किती आरपीएमची आहे?"

"7200," मी म्हणाले.

"मग एकदा कागदावर गुणाकार-भागाकार कर आणि परत ये."

हा लेख त्या कागदाबद्दल आहे. तुम्ही सिस्टिम्समध्ये संशोधन करायच्या तयारीत असाल, तर ही चूक तुमच्याकडूनही होण्याची शक्यता बरीच आहे. मी काही निष्काळजीपणे मोजलं नव्हतं. पुस्तकात सांगितलेली काळजी घेऊनच मोजलं होतं. फक्त ती चुकीच्या थरावर घेतली होती.

कागदावरचा हिशोब

7200 आरपीएम म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्या, सेकंदाला 120. एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. हेड योग्य ट्रॅकवर सरकायला अंदाजे 8 मिलिसेकंद. एका मागणीला 12 मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला फार तर 80 मागण्या पूर्ण होतात. मागण्यांचा क्रम नीट लावला, डेटा डिस्कच्या एकाच कोपऱ्यात ठेवला, तरी हा आकडा काहीशेच्या घरात जाईल. चाळीस हजार कधीच नाही.

दुसऱ्या बाजूनंही तपासता येतं. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतल्या मागण्यांची सरासरी संख्या = सेकंदाला पूर्ण होणाऱ्या मागण्या × प्रत्येक मागणीला लागणारा सरासरी वेळ. माझ्या प्रयोगात प्रत्येक मशीनच्या चार, अशा एका वेळी 32 मागण्या रांगेत असायच्या. 32 भागिले 40,000 म्हणजे 0.8 मिलिसेकंद. माझ्या तक्त्याप्रमाणे माझी डिस्क एका फेरीच्या दहाव्या हिश्श्यात मागणी पूर्ण करत होती!

मग उत्तर देत होतं कोण? डिस्क तर नक्कीच नाही.

गुरुवारचा नळ

मी वारज्यात राहते. पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचं असेल, तर तो दिवस बहुधा गुरुवार असतो. पण त्या दिवशी सकाळी नळ उघडला की पाणी येतंच. कारण नळ आणि खडकवासला धरण यांच्यामध्ये बरंच काही आहे: जलशुद्धीकरण केंद्र, रस्त्याखालची लाइन, सोसायटीची जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, कुणाच्या घरी माळ्यावरची छोटी टाकी. नळाला पाणी आलं म्हणजे महापालिकेचं पाणी चालू आहे असं होत नाही. कुठल्या तरी टाकीत पाणी आहे, एवढंच त्यावरून कळतं.

व्हर्च्युअल मशीनमधल्या एखाद्या प्रोग्रॅमनं फाइलचा एक तुकडा मागितला, तर ती मागणी ढोबळमानानं अशी जाते:

1. गेस्टची पेज कॅश, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमनं मेमरीत जपून ठेवलेले डिस्कचे तुकडे.
2. गेस्टची फाइल सिस्टिम आणि व्हर्च्युअल डिस्कचा ड्रायव्हर.
3. क्यूईएमयू, म्हणजे होस्टवरचा तो प्रोग्रॅम जो व्हर्च्युअल डिस्कचं सोंग वठवतो. होस्टच्या नजरेत ही अख्खी 'डिस्क' म्हणजे बऱ्याचदा एक मोठी फाइल असते.
4. होस्टची पेज कॅश. ती डिस्क होस्टसाठी फाइल असल्यामुळे होस्टसुद्धा तिचे तुकडे मेमरीत जपतो.
5. होस्टची फाइल सिस्टिम आणि मागण्यांची रांग.
6. रेड कंट्रोलर किंवा स्टोरेज अॅरे, आणि त्याची स्वतःची कॅश.
7. खरी डिस्क. तिच्यातही एक छोटी कॅश असतेच.

यातला कॅश असलेला कुठलाही थर मध्येच 'हे घे' म्हणून उत्तर देऊ शकतो. वर बसलेल्या प्रोग्रॅमला उत्तर कुठून आलं ते कळत नाही, आणि कळू नये हीच व्हर्च्युअलायझेशनची कल्पना आहे. कंपन्यांच्या डेटा सेंटरना ते सोयीचंच असतं. पण मोजणाऱ्याला तिथेच अडचण येते.

डायरेक्ट म्हणजे कुठवर डायरेक्ट?

आता माझी चूक नेमकी काय होती ते सांगते. फायोमध्ये डायरेक्ट नावाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की ऑपरेटिंग सिस्टिमची पेज कॅश टाळून मागणी थेट डिस्ककडे जाते. तो मी चालू केला होता. शिवाय 'टेस्टची फाइल मेमरीच्या दुपटीपेक्षा मोठी घ्या' हा जुना नियमही पाळला होता. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला 4 जीबी मेमरी होती आणि फाइल 10 जीबीची.

पण गेस्टमध्ये चालू केलेला डायरेक्ट पर्याय फक्त गेस्टची कॅश टाळतो. गेस्टला जी डिस्क वाटते ती होस्टवरची फाइल असते, आणि तिथली कॅश वापरायची की नाही हे क्यूईएमयूच्या सेटिंगवर ठरतं. काहीच सांगितलं नाही तर क्यूईएमयू राइटबॅक धरतं, म्हणजे होस्टची पेज कॅश वापरतं. मी काहीच सांगितलं नव्हतं.

होस्टला 128 जीबी मेमरी होती. आठ मशीनची मिळून 32 जीबी गेली, उरली 96. आठ फाइल मिळून 80 जीबी. त्या सगळ्या होस्टच्या मेमरीत आरामात मावत होत्या. मेमरीच्या दुपटीचा नियम मी पाळला होता, पण गेस्टच्या मेमरीच्या.

मग माझी नवी पद्धत दुप्पट वेगवान कशी दिसली? तेच जास्त लाजिरवाणं आहे. मी प्रत्येक वेळी आधी जुनी पद्धत चालवत होते आणि लगेच नंतर नवी. पहिल्या फेरीनं होस्टची मेमरी भरून ठेवली, दुसऱ्या फेरीला सगळं आयतं मिळालं. क्रम उलटा केला असता तर जुनी पद्धत दुप्पट वेगवान निघाली असती. नंतर मी तसं करून पाहिलं. तसंच झालं.

खात्री करायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गेस्टमध्ये फायो चालू असताना होस्टवर आयओस्टॅट लावलं. गेस्ट सांगत होता, हजारो वाचनं होताहेत. होस्टवर डिस्कच्या रकान्यात वाचनं जवळजवळ शून्य. नळाला धो धो पाणी आणि मीटर जागचा हललेला नाही.

क्यूईएमयूमधले कॅशचे मुख्य पर्याय इथे थोडक्यात देते, कारण पेपर वाचताना ते सारखे भेटतात:

- राइटबॅक: होस्टची कॅश वापरली जाते. लिहिलेलं आधी मेमरीत जातं. गेस्टनं 'आता पक्कं कर' म्हटलं (एफसिंक) की डिस्कवर उतरतं.
- राइटथ्रू: वाचायला होस्टची कॅश, पण प्रत्येक लेखन डिस्कवर उतरल्यावरच 'झालं' म्हणायचं.
- नन: होस्टची कॅश टाळायची. डिस्कच्या आतली कॅश मात्र चालू राहते.
- अनसेफ: गेस्टनं 'पक्कं कर' म्हटलं तरी दुर्लक्ष करायचं. सर्वांत वेगवान, आणि नावाप्रमाणेच.

शेवटच्या पर्यायाचा अर्थ नीट समजून घ्या. बँकेचा डेटाबेस एफसिंक करतो, 'झालं' असं उत्तर येतं, ग्राहकाला पैसे जमा झाल्याचा मेसेज जातो, आणि त्या क्षणी होस्टची वीज जाते. ती नोंद फक्त मेमरीत होती. तुमच्या तक्त्यात याच पर्यायाचे आकडे सर्वांत देखणे येतील. म्हणून लेखनाचा वेग वाचताना 'झालं असं कोण म्हणालं?' हा प्रश्न अकादमिक उरत नाही.

एकच पाणी दोन टाक्यांत

ज्या गोष्टीनं माझा तक्ता बिघडवला, तिच्यावरच आयआयटी मुंबईत चांगलं संशोधन झालंय, हे मला नंतर कळलं. प्रतीक शर्मा आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांचा सिंगलटन हा पेपर 2012 मध्ये एचपीडीसी परिषदेत आला. ज्यांना संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो हे बघायचंय, त्यांनी तो जरूर वाचावा.

प्रश्न असा. गेस्टनं एखादा तुकडा मागितला तर तो डिस्कवरून होस्टच्या कॅशमध्ये येतो आणि तिथून गेस्टच्या कॅशमध्ये. आता त्याच्या दोन प्रती झाल्या. तोच तुकडा पुन्हा लागला तर गेस्ट स्वतःच्या कॅशमधून देईल, होस्टला विचारणारच नाही. म्हणजे होस्टमधली प्रत जागा अडवून बसली आहे. समजा गेस्टची कॅश 4 जीबी, होस्टनं त्याच्यासाठी वापरलेली कॅशही 4 जीबी, आणि प्रोग्रॅमला 7 जीबी डेटा पुन्हा पुन्हा लागतो. दोन्हीकडे तेच तुकडे राहिले तर 8 जीबी खर्चून उपयोग 4 जीबीचाच. दोघांनी वेगवेगळे तुकडे ठेवले तर सगळा डेटा मेमरीत मावतो.

प्रश्न तसा जुनाच. सर्व्हर आणि स्टोरेज अॅरे यांच्या कॅशबद्दल थिओडोर वाँग आणि जॉन विल्क्स यांनी 2002 मध्येच तो मांडला होता. केव्हीएममुळे तोच प्रश्न एका मशीनच्या आत आला.

तुम्ही म्हणाल, मग 'नन' लावा, होस्टची कॅश बंद करा, संपलं. पण दहा व्हर्च्युअल मशीन एकाच मूळ इमेजवरून उभी केली असतील, तर होस्टच्या कॅशमधली एक प्रत दहाही जणांच्या कामी येते. ती बंद केली की हा फायदा गेला. म्हणजे टाकी काढून टाकणं हे उत्तर नाही. टाकीत काय ठेवायचं ते ठरवायला हवं.

सिंगलटननं लिनक्समध्ये आधीपासून असलेली केएसएम ही सोय घेतली. ती मेमरीतली हुबेहूब सारखी पानं शोधून त्यांची एकच प्रत ठेवते. त्यांनी ती सुधारली आणि गेस्टच्या मेमरीत जे तुकडे आधीच आहेत, ते होस्टच्या कॅशमधून काढून टाकले. गेस्टमध्ये काहीही बदल न करता. त्यांच्या निकालांत होस्टच्या कॅशचा आकार काही वेळा दहा पटींपर्यंत कमी झाला, कॅशमध्ये तुकडा सापडण्याचं प्रमाण दुप्पट झालं आणि आयओ 40 टक्के वेगवान झालं. त्यासोबत त्यांनी खर्चही सांगितला: या कामाला सीपीयूचा वापर 20 टक्क्यांच्या आत ठेवला. फायदा आणि किंमत शेजारी शेजारी. माझ्या तक्त्यात किमतीचा रकानाच नव्हता.

मला चुकचुक लागली ती वेगळ्याच गोष्टीची. होस्टची कॅश मध्येच उत्तर देते, हे त्यांनी पाहिलं आणि त्याचा प्रश्न केला. माझ्यासमोरही तीच कॅश होती, आणि मी तिचं श्रेय स्वतःच्या पद्धतीला दिलं.

नीट मोजल्यावर काय उरलं

कॅश 'नन' केली, प्रत्येक फेरीआधी होस्टची कॅश रिकामी केली, फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. दुप्पट वेग गायब झाला. नव्या आणि जुन्या पद्धतीतला फरक फेरी-फेरीतल्या चढउतारात बुडून गेला.

पण आता खरी डिस्क दिसायला लागली, आणि तिच्यासोबत खरा प्रश्न. आठ मशीन आपापली फाइल सरळ क्रमानं वाचत असतील, तरी डिस्कला ते सरळ दिसत नाही. पहिल्याचा तुकडा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. प्रत्येक वेळी हेड उठून दुसरीकडे जातं. आठ सरळ वाटा मिक्सरमधून काढल्यासारख्या एक होतात. हिशोब करा. डिस्क सरळ वाचताना सेकंदाला 150 एमबी देते आणि प्रत्येक उडीला 12 मिलिसेकंद लागतात असं धरू.

- एका पाळीत 64 केबी वाचले: डिस्कचा एकूण वेग सेकंदाला जेमतेम 5 एमबी. आपली पाळी पुन्हा यायला साधारण 87 मिलिसेकंद.
- एका पाळीत 1 एमबी: वेग 54 एमबी. थांबायचं 131 मिलिसेकंद.
- एका पाळीत 8 एमबी: वेग 122 एमबी. थांबायचं 457 मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद.

एकूण वेग हवा असेल तर पाळी मोठी द्या. कुणालाही फार ताटकळत ठेवायचं नसेल तर छोटी. दोन्ही एकदम मिळत नाही. रात्रीच्या बॅकअपला पहिलं हवं असतं, काउंटरवरच्या बिलिंगला दुसरं, आणि डेटा सेंटरमध्ये दोघं एकाच डिस्कवर असतात. पाळी कुणाला किती द्यायची, हा माझा आताचा विषय आहे. चुकीच्या तक्त्यात तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे डिस्कच नव्हती.

एसएसडीवर हेड सरकत नाही, त्यामुळे हा विशिष्ट हिशोब तिथे लागू नाही. पण उत्तर कुणी दिलं हा प्रश्न तिथेही आहेच. नवी कोरी एसएसडी सुरुवातीला झपाट्यानं लिहिते. आतली वेगवान जागा भरली आणि जुने ब्लॉक साफ करायचं काम सुरू झालं की वेग उतरतो. दोन मिनिटांची टेस्ट घेतली तर तुम्ही फक्त ती वेगवान जागा मोजलेली असते.

मोजण्याआधी वहीत लिहायच्या गोष्टी

1. हार्डवेअरची कमाल मर्यादा आधी कागदावर काढा. निकाल तिच्या वर गेला तर आनंद नको, शोध सुरू करा.
2. लिटलच्या नियमानं आकडे एकमेकांशी ताडून पाहा. रांग, वेग आणि वेळ यांचं गणित जुळलं पाहिजे, आणि त्यातून निघणारा वेळ त्या डिस्कला शक्य असला पाहिजे.
3. दोन ठिकाणी एकदम मोजा. गेस्टमध्ये फायो, होस्टवर आयओस्टॅट. दोघांत मोठा फरक दिसला तर मधला कुठला तरी थर उत्तर देतोय.
4. प्रत्येक थराची कॅश चालू की बंद, ते लिहून ठेवा. 'डिफॉल्ट' असं लिहू नका. डिफॉल्ट नेमकं काय ते लिहा.
5. फाइलचा आकार होस्टच्या मेमरीशी ताडून ठरवा, फक्त गेस्टच्या नव्हे.
6. फेऱ्यांचा क्रम बदलत राहा. जुनं आधी, नवं नंतर असं कायम नको.
7. सरासरीसोबत 99 वा पर्सेंटाइल द्या. शंभरातल्या सर्वांत संथ मागणीचं काय झालं ते सरासरी लपवते.

कॅश चालू ठेवून मोजणं चूक नाही, हेही लक्षात ठेवा. खऱ्या डेटा सेंटरमध्ये कॅश चालूच असते. फक्त तुम्ही कॅश मोजली असेल तर 'मी कॅश मोजली' असं लिहा.

पुढच्या बैठकीत मी कमिटीला सांगितलं की मागच्या अहवालातला तिसरा तक्ता मागे घेते आहे, आणि का ते फळ्यावर काढून दाखवलं. आदल्या रात्री झोप लागली नव्हती. बोलणं झालं तेव्हा एका सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, "हे तुम्हाला आम्ही विचारायला हवं होतं, नाही का?" मग चर्चा पाळीच्या हिशोबावर गेली आणि तासभर तिथेच रंगली. पेपर त्या वर्षी गेला नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मात्र तेव्हापासून एक ओळ आहे, आणि नवा आकडा आला की आधी तीच वाचते: उत्तर कुठल्या थरानं दिलं?